कानाने वाचायचं पान

ई, जे, के, मोठा बी, एच.

ही पाच इंग्रजी अक्षरं म्हणजे 'मराठी' हा शब्द आहे. कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये 'मराठी' टाइप केलं की पडद्यावर नीटनेटकी देवनागरी उमटते, पण संगणकाच्या पोटात साठतात ती ही अक्षरं. फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो, एवढंच. डोळ्यांनी वाचणाऱ्याला काही कळत नाही. जो संगणक ऐकून वापरतो त्याच्यापर्यंत मुखवटा पोचतच नाही. त्याच्या कानात इंग्रजी अक्षरांची खिचडी पडते.

नागपुरात आमच्या वर्गाला चाचणीसाठी एक सर येतात. जन्मापासून दृष्टिहीन, बँकेत नोकरी, मराठी कादंबऱ्यांचे पट्टीचे वाचक. वेबसाइट तयार करणाऱ्या मुलामुलींची नवी तुकडी आली की पहिल्या दिवशी ते लॅपटॉपवर अशाच फॉन्टमधलं एक मराठी परिपत्रक उघडतात आणि आवाज मोठा करतात. कोणीतरी हमखास विचारतं, "सर, सॉफ्टवेअर खराब झालं का?" सर सांगतात, "नाही रे बापा, ते बरोबर वाचून राहिलं. तुम्ही जे लिहिलं तेच."

मी गेली काही वर्षं डेव्हलपरना, म्हणजे वेबसाइट आणि ॲप बनवणाऱ्यांना, ॲक्सेसिबिलिटी शिकवते. सरकारी मराठीत तिला सुगम्यता म्हणतात. अर्थ इतकाच, की ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्याचे हात थरथरतात किंवा ज्याला लांबलचक वाक्यांचा अर्थ लावणं कठीण जातं, त्यालाही ते पान दुसऱ्या कुणाच्या मदतीशिवाय वापरता आलं पाहिजे. हे शिकवायचं कसं, याबद्दल माझं मत आता पक्कं झालं आहे. नियमांची यादी आधी देऊन उपयोग होत नाही. आधी कान तयार करावा लागतो. आणि मराठीत काम करायचं असेल तर इंग्रजी अभ्यासक्रमात नसलेल्या दोन-तीन गोष्टी अगदी पायापासून शिकवाव्या लागतात.

स्क्रीन रीडर नेमकं काय वाचतो

दृष्टिहीन माणूस संगणकावर स्क्रीन रीडर नावाचं सॉफ्टवेअर वापरतो. विंडोजवर एनव्हीडीए फुकट मिळतं. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या दृष्टिहीन तरुणाने ते २००६ मध्ये लिहायला घेतलं. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतं, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर. तुमच्या फोनमध्ये ते आत्ताही आहे, फक्त बंद आहे.

बहुतेकांना वाटतं की स्क्रीन रीडर पडद्याकडे बघून वाचतो. तसं नसतं. ब्राउझर पान उघडतो तेव्हा तो दोन गोष्टी तयार करतो. एक म्हणजे डोळ्यांसाठीचं चित्र. दुसरी म्हणजे त्या पानावर काय काय आहे याची वंशावळीसारखी मांडणी, जिला ॲक्सेसिबिलिटी ट्री म्हणतात. तिच्यात प्रत्येक वस्तूची नोंद असते: हिचं नाव काय, ही कोण आहे, आत्ता कोणत्या अवस्थेत आहे, हिच्यात काय भरलेलं आहे. स्क्रीन रीडर ही मांडणी वाचतो. म्हणून चौकोनावर आलं की ऐकू येतं, "मला अटी मान्य आहेत, चेकबॉक्स, टिक केलेला नाही." नाव, ओळख, अवस्था. एवढ्यावर माणूस निर्णय घेऊ शकतो.

आता डेव्हलपरची एक जुनी सवय बघा. त्याला बटण हवं असतं. वेबपान ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमध्ये त्यासाठी बटणाचा स्वतंत्र टॅग, म्हणजे खूण, आहे. पण तो मनासारखा सजवायला त्रास होतो म्हणून तो साधा डिव्ह, म्हणजे स्वतःची काही ओळख नसलेला रिकामा डबा, घेतो, त्याला रंग देतो, कोपरे गोल करतो, माउसने दाबलं की चालेल असा कोड लिहितो. डोळ्यांना ते बटणच दिसतं. मांडणीत मात्र त्याची नोंद बटण म्हणून होत नाही, तो नुसता मजकूर असतो. कीबोर्डवरची टॅब की दाबत गेलात तर ती त्याला ओलांडून पुढे जाते. सर त्या पानावर "अर्ज सादर करा" असं ऐकतात, पण ते शब्द आहेत की दाबायची जागा, हे त्यांना कसं कळणार? एंटर दाबून काही होत नाही. अर्ज तिथेच राहतो.

वर्गात मी यावर एक अख्खी दुपार घालवते, कारण सगळ्या विषयाचं मूळ इथे आहे. खऱ्या बटणाबरोबर टॅबने पोचणं, एंटर आणि स्पेसने चालणं, 'बटण' म्हणून ओळख सांगणं, हे सगळं फुकट मिळतं. तेच डिव्हला द्यायचं तर भूमिका वेगळी लिहा, टॅबच्या रांगेत वेगळं बसवा, दोन्ही कींसाठी वेगळा कोड लिहा, आणि त्यातलं एखादं विसरा. अशी जोडजोडणी करण्यासाठी आरिया नावाचे गुणधर्म असतात. नवशिके ते शिकले की जेवणात मीठ घालावं तसे सगळीकडे घालतात. आरियाचा पहिला नियमच असा आहे की एचटीएमएलमध्ये तयार घटक असेल तर तोच वापरा. चुकीचा आरिया नसण्यापेक्षा वाईट, कारण तो कानाशी खोटं बोलतो.

दुसरी गोष्ट मथळ्यांची. दृष्टिहीन माणूस पान वरपासून खालपर्यंत ऐकत बसतो, असा समज असतो. आपण तरी पेपर असा वाचतो का? आधी मथळ्यांवरून नजर फिरवतो, मग एक बातमी धरतो. एनव्हीडीएमध्ये एच की दाबली की कान एका मथळ्यावरून पुढच्या मथळ्यावर उडी मारतो. पण त्यासाठी मथळा हा मथळ्याच्या टॅगमध्ये असावा लागतो. नुसता ठळक आणि मोठा केलेला मजकूर डोळ्यांसाठी मथळा असतो, कानासाठी नाही. तसंच दुव्यांचं. पानावरचे सगळे दुवे एका यादीत मागवता येतात. त्या यादीत "येथे क्लिक करा" बारा वेळा आलं, तर बारा दारांवर एकच पाटी लावल्यासारखं होतं.

आणि एक ओळ, जी मी प्रत्येक तुकडीच्या कोडमध्ये शोधते. टॅबने फिरताना आपण कुठे आहोत हे दाखवणारी चौकट ब्राउझर स्वतःहून काढतो. डिझाइनरला ती कुरूप वाटते, म्हणून सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, आउटलाइन नन लिहून ती पुसून टाकली जाते. ज्याचे हात थरथरतात आणि जो माउस न धरता कीबोर्डवरच काम करतो, त्याला दिसत असूनही आपण पानावर कुठे आहोत हे कळेनासं होतं. एक ओळ काढली की त्याचं काम सुरू होतं. चौकट आवडत नसेल तर तिचा रंग बदला, जाडी बदला. पुसू नका.

मराठीचं वेगळं दुखणं

कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या फॉन्टवर नागपूरचे डीटीपी ऑपरेटर वर्षानुवर्षं हात बसवत आले. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका. छपाईसाठी ते चालतं, कारण कागदावर शेवटी शाईच उमटते. पण तीच फाइल वेबसाइटवर टाकली की ती कानासाठी मेली, आणि शोधण्यासाठीही. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत. देवनागरीला तिच्यात १९९१ पासून जागा आहे. तिथे 'म' हा 'म'च असतो, कुठल्याही फॉन्टमध्ये. म्हणून वर्गातला पहिला गृहपाठ असतो: घरातल्या किंवा ऑफिसातल्या एखाद्या जुन्या मराठी फाइलमधली एक ओळ उचला आणि मोबाइलवर मेसेजमध्ये चिकटवा. देवनागरी दिसली तर युनिकोड. इंग्रजीचा कचरा दिसला तर आधी रूपांतर, मग बाकीचं.

युनिकोडमध्ये लिहिलं म्हणजे काम झालं असंही नाही. प्रत्येक वेबपानाच्या सुरुवातीला भाषा सांगणारा एक गुणधर्म असतो. तयार टेम्प्लेटमध्ये तिथे इंग्रजी लिहिलेलं असतं, आणि मराठी पान बनवताना ते बदलायचं कुणाच्या लक्षात येत नाही. मग स्क्रीन रीडर इंग्रजी आवाज पुढे करतो आणि देवनागरी त्याच्या तोंडी मोडून पडते. तिथे 'एमआर' ही दोन अक्षरं लिहिली की ब्राउझरला कळतं, हे मराठी आहे. लिपी एकच असल्यामुळे मराठी आणि हिंदी यांतला फरकही संगणकाला त्याशिवाय कळत नाही. नागपूरसारख्या शहरात, जिथे एका पानावर मराठी, हिंदी आणि इंग्रजी सुखाने नांदतात, तिथे तर परिच्छेद बदलला की भाषेची खूणही बदलावी लागते. दोन अक्षरांचं काम आहे. मी हे शिकवते तेव्हा मुलं अविश्वासाने बघतात, कारण इंग्रजी अभ्यासक्रमात या मुद्द्याला अर्धी ओळ असते.

तिसरं दुखणं पीडीएफचं, आणि हे सगळ्यात खोल आहे.

आपल्याकडे कागद कसा जन्मतो ते बघा. कर्मचारी वर्डमध्ये पत्र टाइप करतो. प्रिंट काढतो. साहेबांची सही होते, शिक्का बसतो. मग तो कागद स्कॅन होतो आणि वेबसाइटवर जातो. जो मजकूर सकाळी जिवंत होता, ज्यात शोधता येत होतं, जो ऐकता येत होता, तो संध्याकाळी चित्र होऊन बसतो. स्क्रीन रीडर त्या पानावर येतो आणि गप्प राहतो, किंवा सांगतो की पान रिकामं आहे. परीक्षेचं वेळापत्रक असो, शिष्यवृत्तीची जाहिरात असो की भरतीची यादी, सगळ्यांची हीच गत.

उपाय अवघड नाही. सही डिजिटल करता येत असेल तर उत्तम. नसेल, तर स्कॅनच्या शेजारी मूळ मजकुराची युनिकोड प्रत ठेवा. वर्डमध्ये मथळा ठळक करून थांबू नका, 'हेडिंग' ही स्टाइल निवडा. ओळी पुढे ढकलायला एंटर आणि स्पेस दाबत बसू नका. तक्त्याची पहिली ओळ ही शीर्षकाची ओळ आहे असं सांगा, म्हणजे "४२" ऐकताना ते गुण आहेत की आसनक्रमांक हे कळेल. आणि पीडीएफ बनवताना प्रिंटच्या रस्त्याने जाऊ नका, 'सेव्ह ॲज'ने जा. प्रिंटच्या रस्त्यात मथळ्यांच्या आणि तक्त्यांच्या खुणा गळून पडतात. वर्डच्या रिव्ह्यू टॅबमध्ये ॲक्सेसिबिलिटी तपासण्याची सोय आहे, ती फार थोडे लोक उघडतात.

मराठीसाठी आणखी एक चाचणी मी सगळ्यांना करायला लावते. पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. पुष्कळदा 'विद्यार्थी'च्या जागी 'िवद्याथीर्' असं काहीतरी येतं. पडद्यावर वेलांटी आणि रफार आपापल्या जागी दिसत होते, पण फाइलमध्ये ते दिसण्याच्या क्रमाने साठले, उच्चाराच्या क्रमाने नाही. डोळा पूर्ण आकार बघतो, कान क्रम ऐकतो. नोटपॅडमध्ये जे मोडलेलं दिसतं ते कानातही मोडलेलंच जातं.

या भागासाठी मी डेव्हलपरबरोबर लिपिक आणि डीटीपी ऑपरेटर यांनाही बसवायचा हट्ट धरते. वेबसाइट कितीही चोख बनवली तरी तिच्यावर रोज चढणारी पानं त्यांच्या हातची असतात. एकदा एका कार्यालयात मी फक्त डेव्हलपरना शिकवून आले. सहा महिन्यांनी बघितलं तर सांगाडा उत्तम होता आणि आतले सगळे कागद स्कॅन केलेले होते.

चित्राला शब्द देणं

प्रत्येक चित्राला एक पर्यायी मजकूर द्यायचा असतो. तो दिसत नाही, पण ऐकू येतो. तो नसेल तर स्क्रीन रीडर कधी कधी फाइलचं नाव वाचतो, म्हणजे आयएमजी आणि पुढे आकडे. हे डेव्हलपर लगेच शिकतात, आणि मग प्रत्येक चित्राला "फोटो" असं लिहून मोकळे होतात. तपासणारी स्वयंचलित साधनं खूश होतात, कारण रकाना भरलेला असतो. ऐकणाऱ्याला काही मिळत नाही.

म्हणून मी दीक्षाभूमीशी जोडलेली तीन पानं दाखवते. पहिलं पान १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेबद्दलचा लेख. तिथे लिहायचं, "नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा स्तूप, त्याचा मोठा घुमट आणि समोर जमलेले अनुयायी." दुसरं पान धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या वाहतूक बदलाचं, आणि तिथे फोटोऐवजी नकाशा आहे. तिथे "वाहतूक नकाशा" म्हणणं निरुपयोगी. कोणता रस्ता कुठून कुठपर्यंत बंद आहे आणि वळून कुठून जायचं, हे शब्दांत लिहायला हवं, आणि ते लांब असेल तर पानावरच सगळ्यांसाठी लिहायचं. तिसऱ्या पानावर पहिल्या पानातलाच फोटो नुसता मागे पुसट टाकलेला आहे, शोभेला. तिथे पर्यायी मजकूर मुद्दाम रिकामा ठेवायचा, म्हणजे स्क्रीन रीडर त्याला न बोलता ओलांडतो. जागा एक, उत्तरं तीन. प्रश्न नेहमी एकच विचारायचा: हे चित्र इथून काढलं, तर वाचणाऱ्याचं काय हुकेल?

नारंगी रंग आणि मे महिना

नागपूरच्या वेबसाइटला नारंगी रंगाचा मोह आवरत नाही, आणि संत्र्याचं शहर म्हटल्यावर ते स्वाभाविकही आहे. पण मजकूर आणि त्यामागचा रंग यांच्या उजेडातल्या फरकाचं एक गणित आहे. काळ्यावर पांढरं म्हणजे २१ ला १, याहून जास्त शक्य नाही. साध्या आकाराच्या अक्षरांसाठी किमान ४.५ ला १ हवं, मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १. सीएसएसमध्ये 'ऑरेंज' या नावाने मिळणारा रंग घेऊन त्यावर पांढरी अक्षरं लिहिली तर हा आकडा जेमतेम २ ला १ भरतो. त्याच नारंगीवर काळी अक्षरं लिहा, १० च्या वर जातो. रंग सोडायची गरज नाही, अक्षरांचा रंग बदला. राखाडीचंही तसंच. पांढऱ्यावर ७७७७७७ ही छटा थोडक्यात नापास होते, ७६७६७६ पास होते. फरक डोळ्यांना जाणवतसुद्धा नाही, म्हणून अंदाजाने ठरवू नका, मोजा.

हे फक्त अल्पदृष्टी असलेल्यांसाठी आहे असं ज्याला वाटतं, त्याने मे महिन्यात, पारा ४५ अंशांपलीकडे गेलेला असताना, भर दुपारी सीताबर्डीवर उभं राहून मोबाइलवरचं फिकट राखाडी अक्षर वाचून बघावं.

रंगाबद्दल आणखी एकच. "लाल रंगातले रकाने भरा" असं लिहू नका. कुठला रकाना चुकला आणि काय चुकलं, ते शब्दांत, त्या रकान्याशी जोडून लिहा. "मोबाइल क्रमांक १० अंकी हवा" हे वाक्य सगळ्यांना कळतं.

ऐकू न येणाऱ्यांसाठी व्हिडिओला कॅप्शन हव्यात, आणि आपोआप बनलेल्या मराठी कॅप्शन माणसाने वाचून दुरुस्त केल्याशिवाय टाकू नयेत. यात एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. जन्मापासून बहिऱ्या असलेल्या पुष्कळांची पहिली भाषा सांकेतिक भाषा असते, आणि तिचं व्याकरण मराठीहून वेगळं आहे. लिखित मराठी त्यांच्यासाठी दुसरी भाषा ठरते. तेव्हा "सदर प्रकरणी उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की" हे वाक्य त्यांच्यासाठी जिना आहे, आणि बौद्धिक अडचण असलेल्यांसाठीही. "तुमचा अर्ज मिळाला" असं लिहिलं तर कार्यालयाचा मान कमी होत नाही.

हात नीट न चालणाऱ्यांसाठी दोन मोजमापं लक्षात ठेवा. दाबायची जागा किमान २४ बाय २४ पिक्सेल, आणि वेळ वाढवून मागण्याची सोय. ३० सेकंदांत संपणारा ओटीपी म्हणजे ज्याला एकेक अंक शोधून दाबावा लागतो त्याच्यासाठी बंद दार.

नियम कुठून येतात

इथवर आलेले आकडे मी मनाने सांगितलेले नाहीत. वेबचे मानक ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी ही संस्था डब्ल्यूसीएजी नावाची मार्गदर्शक तत्त्वं काढते. पहिली आवृत्ती १९९९ ची, दुसरी २००८ ची, मग २०१८ मध्ये २.१ आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये २.२. सगळं चार अपेक्षांवर उभं आहे: मजकूर कुठल्यातरी इंद्रियाने कळावा, पान चालवता यावं, समजावं, आणि वेगवेगळ्या यंत्रांवर टिकावं. ए, डबल ए, ट्रिपल ए अशा तीन पायऱ्या आहेत. जगभर कायदे साधारण डबल ए मागतात. भारतात सरकारी संकेतस्थळांसाठीची तत्त्वं २००९ पासून आहेत, तिसरी आवृत्ती २०२३ ची. भारतीय मानक ब्युरोचं आयएस १७८०२ हे मानकही आहे.

कायदा म्हणाल तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. त्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. त्यातलं कलम ४२ माहिती सर्वांना वापरता येईल अशा स्वरूपात देण्याची जबाबदारी सरकारवर टाकतं, आणि कलम ४६ सेवा देणाऱ्या सरकारी आणि खासगी अशा दोघांनाही बांधतं. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. प्रश्न साधा होता. बँकेचं ई-केवायसी करताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायला सांगतात. ॲसिड हल्ल्यात ज्यांच्या पापण्या गेल्या, त्यांनी काय मिचकवायचं? हा निकाल मी वर्गात वाचून दाखवते, कारण ती स्क्रीन बनवणारा डेव्हलपर कोणी दुष्ट नव्हता. आपल्यासारखाच वापरणारा त्याच्या डोळ्यांसमोर होता, एवढंच.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या, महाराष्ट्रात २९ लाखांहून जास्त. आणि ती मोजणी २१ प्रकार येण्याआधीची.

नागपूरच्या मिहान आणि आयटी पार्कमध्ये परदेशी ग्राहकांसाठी काम करणारी मुलं माझ्याकडे येतात. त्यांना डब्ल्यूसीएजी पाठ असतं, कारण ग्राहक करारात ते लिहून घेतो. २८ जून २०२५ पासून युरोपात तसा कायदाच लागू झाला आहे. तीच मुलं संध्याकाळी गावाकडच्या पतसंस्थेची किंवा शाळेची साइट करतात तेव्हा यातलं काही घालत नाहीत, कारण कोणी मागत नाही. हात तेच, ज्ञान तेच. मला याचं मनापासून वाईट वाटतं. त्या पतसंस्थेचा दृष्टिहीन खातेदार आपल्याच गल्लीत राहतो.

शिकवण्याची रीत

एका दिवसाच्या सेमिनारने काही साधत नाही, हे मी अनुभवाने सांगते. लोक हळवे होतात, टाळ्या वाजवतात, सोमवारी परत डिव्हचं बटण करतात. मी सहा आठवडे घेते, आठवड्यातून एक दुपार, आणि प्रत्येकाने स्वतःच्या चालू कामातलं पान आणायचं. पहिले दोन आठवडे माउस बाजूला. मॉनिटर बंद करून ऐकायचं, पण फार वेळ नाही. डोळे मिटून अर्धा तास बसल्याने अंध माणसाचं आयुष्य कळतं असा गैरसमज मला नको आहे. सर तीस वर्षं ज्या सराईतपणे ऐकतात, तो वेग आपल्याला समजतही नाही. ऐकायचं ते फक्त आपल्या कोडचा आवाज ओळखण्यासाठी.

मग साधनं. वेव्ह, ॲक्स, लाइटहाउस ही फुकटची साधनं चुका दाखवतात आणि ती रोज चालवावीत. पण लेबल आहे की नाही एवढंच साधन बघू शकतं, ते खरं आहे का हे नाही. वेबएम ही संस्था दर वर्षी दहा लाख मुखपृष्ठं यंत्राने तपासते. २०२५ मध्ये त्यांतल्या ९४.८ टक्के पानांवर चुका सापडल्या, आणि बहुतेक चुका सहाच प्रकारच्या: फिकट अक्षरं, चित्रांना मजकूर नाही, रकान्यांना नाव नाही, रिकामे दुवे, रिकामी बटणं, भाषेची खूण नाही. हे सहा प्रकार दोन दुपारींत शिकवून होतात.

एक ओळ टाका आणि साइट सुगम्य करा, असं सांगत विकली जाणारी विजेट्स असतात. कोपऱ्यात माणसाचं गोल चिन्ह येतं. मी ती घेऊ नका असं स्पष्ट सांगते. डिव्हचं बटण कोडमध्येच दुरुस्त व्हावं लागतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये अशा एका कंपनीला फसव्या दाव्यांबद्दल १० लाख डॉलर भरायला लावले.

शेवटच्या दोन दुपारी सर पुन्हा येतात, आणि त्यांच्याबरोबर व्हीलचेअर वापरणारी एक ताई, जी फक्त कीबोर्डवर काम करते. दोघांना चाचणीचं मानधन दिलं जातं. हे मी आग्रहाने सांगते, कारण अपंग माणसाचा वेळ सामाजिक कार्य म्हणून फुकट मागण्याची आपल्याला सवय आहे. चाचणी हे कौशल्याचं काम आहे.

मागच्या तुकडीत धरमपेठेतल्या एका मुलाने शाळाप्रवेशाचा अर्ज आणला होता. भाषेची खूण बरोबर, रकान्यांना नावं, चुका शब्दांत. सर शांतपणे भरत गेले, पालकांचं नाव, पत्ता, जन्मतारीख. सगळे श्वास रोखून बघत होते. तिसऱ्या पानावर ते थांबले. परत मागे गेले, परत ऐकलं.

"हे 'पुढे' बटण दोनदा का बोलून राहिलं रे? पुढे, पुढे."

मुलाने कोड उघडला. बटणावर 'पुढे' लिहिलेलं होतं, आणि शेजारच्या बाणाच्या चित्रालाही त्याने पर्यायी मजकूर दिला होता: पुढे. त्याने तो रिकामा केला, पान परत लोड केलं आणि लॅपटॉप सरांकडे सरकवला.